महिपतीचा पावसाळी देव

आमच्या उंबरकोंडात महिपतीची भक्ती सगळ्यांना ठाऊक होती आणि तिचा हंगामही ठाऊक होता. आषाढात झड लागली की तिला कोंब फुटायचा. श्रावणात ती भरात यायची. भाद्रपदात गौरी गेल्या की पिवळी पडायला लागायची आणि आश्विनात भात पिकून वाकलं की तिचा मागमूस राहायचा नाही. त्याची बायको बयाबाई म्हणायची, "आमच्या घरात देव अळंब्यावानी उगावतो. हाय तवर भाजी करून खायची."

बयाबाईच्या जिभेला हाड नव्हतं, पण ती खोटं कधी बोलली नाही. श्रावणात महिपतीच्या ओटीवर पोथी लागायची. कोंडात, म्हणजे आमच्या वाडीत, चौथीपर्यंत शिकलेला तो एकटाच, त्यामुळे वाचायचा मान त्याचा. बाहेर पाऊस, आत कांबळी पांघरून बसलेलं सगळं कोंड आणि मधोमध चिमणीच्या उजेडात महिपती. पोथीत कुठं भावाला भाऊ भेटला, की त्याचा आवाज अडकायचा. तो पान उलटायचा थांबायचा, उपरण्यानं डोळे पुसायचा आणि नदीपलीकडच्या टेकाडाकडे बघायचा. बाकीचे खाली मान घालून बसायचे. तिकडं काय आहे ते सांगायची कुणाला गरज नव्हती.

तिकडं कुशाबा राहायचा, महिपतीचा धाकटा भाऊ.

वरंधच्या खालच्या अंगाला, घाटातून उतरणाऱ्या नदीच्या काठावर आमचं कोंड. दोघा भावांचा बाप हैबती गेला तेव्हा पंचांसमोर रीतसर वाटणी झाली. घर आणि देव्हारा थोरल्याकडं राहिला, जसा राहतो. नदीकाठी पिंपळाखाली दोन भातखाचरं होती, ती एकेक वाटून घेतली. पलीकडच्या टेकाडावरची नाचणी-वरीची जमीन कुशाबाला गेली. घर एकच, चुली दोन झाल्या, पण भांडण म्हणून नव्हतं. मग एका पावसाळ्यात नदी पात्र सोडून आत शिरली आणि कुशाबाचं खाचर बांधासकट घेऊन गेली. शेजारचं महिपतीचं खाचर जसंच्या तसं राहिलं.

कुशाबा म्हणाला, "दादा, नदीनं दोघांचं नेलं असं समज. उरलंय ते अर्धं अर्धं करू."

आश्विन होता. खाचरात भात पिकून वाकलं होतं. महिपती म्हणाला, "नदीनं ज्याचं नेलं त्यानं नदीला इचारावं." शब्दाला शब्द लागला. सगळं कोंड ऐकायला जमलं आणि सगळ्यांच्या देखत थोरला धाकट्याला बोलला, "माझ्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवू नको!"

 कुशाबा बायकोला, प्रयागबाईला, घेऊन पलीकडच्या टेकाडावर गेला आणि तिथंच कुडाचं घर बांधून राहिला. त्याला पुष्कळ वर्षं झाली. मधल्या काळात कूळकायदा आला, पोलादपुरात एस.टी. थांबायला लागली, कोंडातली निम्मी तरणी पोरं मुंबईच्या गिरण्यांत गेली. भाऊ मात्र आपापल्या काठावर राहिले.

महिपतीला भावाची ओढ नव्हती असं कुणी म्हणू नये. ओढ होती, पण ती पावसाळ्यात यायची. लावणी उरकली, की माणसाला हाताला काम राहत नाही. दारात चिखल, डोंगर धुक्यात बुडालेले, शेजारच्या घराचा धूरसुद्धा दिसत नाही. अशा दिवसांत माणूस स्वतःच्या आतच हिंडतो. महिपती हिंडायचा आणि दर वेळी त्याच जागी येऊन उभा राहायचा. ओटीच्या खांबाला टेकून तो म्हणायचा, "चूक माझी हाय. पाणी उतरंल तवा जाऊन त्याला घेऊन येतो."

पण पाणी उतरायचं आश्विनात. तेव्हा भात पिकलेलं असायचं. महिपती पिंपळाखालच्या खाचराच्या बांधावर जायचा, लोंबी हातात घेऊन दाणा दाबून बघायचा आणि घरी यायचा तो वेगळाच माणूस होऊन. मान ताठ, बोलणं तुटक. कुणी कुशाबाचं नाव काढलं तर म्हणायचा, "त्याला यायला काय झालं? पाय मोडलंत का?"

बयाबाई कधी कधी चिडून सांगायची, की जायचंच असेल तर भर पावसातही महाडवरून वळसा घालून पुलानं जाता येतं. महिपती म्हणायचा, त्या वाटेला आणखी दोन ओढे लागतात. ओढे लागतात हे खरं, पण त्या ओढ्यांतून माणसं बाजाराला जात होती, बाळंतिणीला आणत होती. नदी त्याला अडवत होती आणि सोयीचीही होती, हे आम्हांला कळत होतं. त्यालाही कळत असावं.

दिवाळीनंतर साकव घालायचा, ही आमची वहिवाट. नदीच्या मध्यावर एक मोठा कातळ आहे. अलीकडून आम्ही कातळापर्यंत लाकडं टाकायची, पलीकडून टेकाडावरच्यांनी, आणि वर बांबू अंथरून रानवेलींनी आवळायचे. मृग लागायच्या आत मधून सोडायला सुरुवात करायची आणि आपापली लाकडं आपापल्या काठावर ओढून ठेवायची, नाहीतर पहिल्या लोंढ्यात महाडच्या बंदरात जाऊन सापडायची. आमच्या बाजूचं काम महिपतीच्या देखरेखीखाली चालायचं, पलीकडचं कुशाबाच्या. दोघं कातळाच्या दोन बाजूंना, हाकेच्या अंतरावर उभे असायचे. "वेल आवळ रे भिकू," असं महिपती आपल्या गड्याला ओरडून सांगायचा आणि पलीकडून कुशाबा आपल्या माणसांना तेच सांगायचा. एकमेकांशी एक शब्द नाही. साकव जोडला जायचा आणि त्यावरून सगळं जग ये-जा करायचं. शिमग्याला गावदेवीची पालखीसुद्धा त्यावरून कुशाबाच्या दारात जायची. प्रयागबाई पालखी आणणाऱ्यांचे पाय धुवायची, कारण ज्याच्या खांद्याडोक्यावर देव आहे त्याचे पाय धुतल्याशिवाय त्याला दारात घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. फक्त हे दोघं त्या साकवावर पाय ठेवत नव्हते. धाकट्याला उंबरा बंद होता, त्यामुळे त्यानं येण्याचा प्रश्नच नव्हता. जायला हवं होतं ते थोरल्यानं.

मग ते वर्ष आलं. भाद्रपदात गौरींच्या आधी बयाबाईनं देव उजळायला काढले. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक चिंचेनं घासता घासता तिनं एक टाक महिपतीच्या हातात दिला. तो हैबतीचा होता. आमच्यात गेलेल्या बापाचा टाक करून देवांबरोबर बसवतात. महिपती तो अंगठ्यानं चोळत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले.

"पाणी उतरलं की जातो गो," तो म्हणाला.

बयाबाईनं हातातली चिंच परातीत टाकली. "दरसाली ह्येच आयकते मी. तुमाला तुमचा ठावच नाय. सरावणातला महिपती आनि आश्विनातला महिपती, ह्ये दोगं भाऊ हाईत नि त्यांची गाठ म्हणून पडत नाय. पयली त्यांची भेट घाला. मग कुशाबाभावोजींचं बगू."

 ते बोलणं महिपतीला लागलं. दोन दिवस तो ओटीवर नुसता बसून होता. पोथी उघडली नाही, की विड्याचं पान मागितलं नाही. प्रत्येक पावसाळ्यात आपण पाघळलो, प्रत्येक आश्विनात घट्ट झालो, हे त्यानं पहिल्यांदाच असं ओळीनं लावून बघितलं असणार. आपल्याच मनावर इतका अविश्वास वाटणं ही काही सुखाची गोष्ट नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं आंघोळ केली, देव्हाऱ्यासमोर बसला आणि बायकोच्या देखत बेलभंडार उचलून शपथ घेतली.

"कुशाबा नि मी देवाम्होरं एका पंगतीला बसून नवं भात खाऊ. तवर नव्या भाताचं एक शीत माझ्या तोंडात जायाचं नाय."

आश्विनातल्या महिपतीला बांधून घालायला श्रावणातल्या महिपतीनं वळलेलं ते दावं होतं. त्याला वाटलं, आता सुटका नाही. पण आश्विनातला महिपती किती हट्टी आहे, ह्याचा अंदाज त्यालाही नव्हता.

नव्याची पुनव आली. घराघरांत नव्या तांदळाचा भात रांधला, देवाला दाखवला. महिपती बांधावरून आला तो कपाळाला आठ्या घालूनच. बयाबाईनं त्याच्यापुढं जुन्या तांदळाचा भात वाढला. तो बघून तो भडकला, मग आठवण झाली, मग स्वतःवरच जास्त भडकला. दुसऱ्या दिवशी तो कोंडातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडं, कोंडाजीकडं गेला.

"नारळ देऊन ह्यातनं मोकळं व्हता येतं का?"

कोंडाजी हसून हसून खोकला. "नारळानं गावदेवी मानंल रे. पन तू बेलभंडार उचाललास. आता साकव पडला की मुकाट वलांड नि भावाला भेट. त्यात काय जड हाय?"

"त्यो येवंदे की."

"तूच तर त्याला बंदी घातलीस!"

महिपती उठून घरी आला. जाणार नाही आणि शपथही मोडणार नाही, असा त्याचा निकाल झाला. जुना तांदूळ होता तोवर ठीक चाललं. पौष उजाडायला कणगीचा तळ लागला आणि महिपती नाचणीच्या भाकरीवर आला. सकाळी नाचणी, दुपारी वरी, संध्याकाळी पुन्हा नाचणी. आमच्याकडच्या माणसाला भात पोटात गेल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. महिपती लग्नाच्या पंगतीत भाजी खाऊन उठायचा. मुंबईहून आलेली पोरं त्याला विचारायची, "काका, उपास काय?" आणि तो त्यांच्या अंगावर धावून जायचा. बयाबाईनं स्वतःही भात सोडला. वर रोज सुनवायची, "देवानं तुमाला शिक्षा केली, मला कशापायी?"

ही बातमी साकवावरून पलीकडं गेली नसेल असं होणं शक्य नव्हतं. कुशाबा संध्याकाळी काठावर येऊन उभा राहायला लागला, असं लोक सांगायचे. पण थोरल्याचा शब्द ओलांडून तो यायचा नाही. त्याला वाटायचं, दादा हाक मारील. महिपतीला वाटायचं, मन भरून आलं की जाऊ.

मन काही भरून येईना. माघ सरला, शिमगा होऊन गेला, चैत्रात करवंदं पिकली. महिपतीचं अंग वाळत चाललं होतं. पण ह्या वेळी एक वेगळी गोष्ट झाली होती. एरवी उन्हाळ्यात त्याला देवाची आठवण नसायची. आता रोज पानावर बसलं की भाकरीचा पहिला तुकडा मोडताना कुशाबा आठवायचा. त्यात माया नव्हती, उलट रागच असायचा. तरी आठवण ती आठवणच. श्रावणात महिनाभर रडून जे कधी झालं नव्हतं, ते रोजच्या नाचणीनं होत होतं. तो माणूस दिवसातून तीनदा त्याच्यासमोर येऊन बसायचा.

वैशाखात राब भाजायचे दिवस आले. भाताच्या रोपांची जागा भाजून काढायला झाडांच्या डहाळ्या तोडायच्या, वाळवायच्या, शेणामातीसकट पसरून पेटवायच्या. सगळ्या खोऱ्यात धूर भरून राहिला होता. महिपती जळत्या राबाकडे बघत बसला होता, बयाबाई शेजारी पाणी घेऊन उभी होती. तो एकदम म्हणाला, "मी खुळा हाय गो."

"त्ये ठावं हाय. आज काय नवं कळलं?"

"मन भिजंल तवा जाईन म्हनत व्हतो. भिजतं तवा वाट नसते. वाट असते तवा भिजत नाय. आसं करता करता एक दीस मी तरी जाईन, न्हायतर त्यो तरी."

बयाबाई पहिल्यांदाच काही टोचून बोलली नाही. "मग?"

"मग कायबी नाय. कोरडंच जावं लागंल."

म्हणाला खरा, पण आणखी आठ-दहा दिवस त्यानं काढलेच. शेवटी साकव सोडायचा दिवस आला. घाटावर ढग जमायला लागले होते. दोन्ही काठांवर माणसं गोळा झाली. भिकू कोयता घेऊन कातळावर पोचला. महिपती नेहमीच्या जागी उभा राहिला आणि समोर बघितलं. पलीकडच्या काठावर कुशाबा नव्हता. त्याच्या जागी टेकाडावरचा मोरू वेल सोडायला वाकला होता.

"कुशाबा कुठाय रे?" महिपतीनं हाक घातली. इतक्या वर्षांत भावाचं नाव त्यानं नदीकाठी पहिल्यांदाच घेतलं. माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली.

"परवा सरपनासाठी डहाळ्या तोडताना झाडावरनं पडला," मोरू ओरडला. "पाय सुजलाय. उठवत नाय."

भिकूनं कोयता उगारला होता. महिपती ओरडला, "थांब!" आणि घराकडं पळाला. आला तेव्हा धोतराच्या सोग्यात नव्या भाताचे तांदूळ बांधलेले होते. त्याच्या चेहऱ्यावर भक्ती नव्हती, प्रेमही दिसत नव्हतं. मोडलेला बांध भरायला निघालेल्या माणसासारखा तो कपाळाला आठ्या घालून साकवावर चढला आणि पलीकडं गेला.

पुढचं आम्हांला प्रयागबाईनं सांगितलं. कुशाबा ओटीवर घोंगडीवर पडला होता. महिपती समोर येऊन उभा राहिला. सुजलेल्या पायाकडं बघत राहिला. शेवटी महिपती म्हणाला, "पडायचं वय राह्यलंय का तुझं?"

"वाळलास रे दादा," कुशाबा म्हणाला.

"नाचनी खाऊन वाळंल नायतर काय हुईल? प्रयाग, ह्ये तांदूळ घे. भात टाक. जेवायला बसतो आमी."

प्रयागबाईनं डोक्यावरचा पदर सावरला आणि चूल पेटवली. भात शिजून वास सुटला. महिपतीच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, हे त्यानंच पुढं कबूल केलं. प्रयागबाईनं पान वाढलं तसा तो म्हणाला, "आदी निवद दाखव. देवारा कुठाय?"

 कुशाबानं हातानं आतल्या भिंतीकडं दाखवलं. महिपती आत गेला. भिंतीत कोनाडा होता. सारवलेला, स्वच्छ. त्यात एक पाट, पाटावर ताजं जास्वंदीचं फूल आणि पेटती पणती. देव नव्हते. एकही टाक नाही. कोनाड्यासमोरच्या भिंतीला झरोका होता आणि त्यातून नदीपलीकडचं महिपतीचं घर दिसत होतं.

महिपतीला वाटत होतं, कुशाबानं महाडच्या सोनाराकडून आपले वेगळे टाक केव्हाच करून घेतले असतील. वेगळा झालेला भाऊ तसंच करतो.

"देव कुठं हाईत?" त्यानं बाहेर येऊन विचारलं.

"तुझ्याकडं हाईत की," कुशाबा म्हणाला. "मी हितनं पाया पडतो. बाबापन तिकडंच हाय."

"येवढी वर्सं? नवं करून घ्यायचं व्हतंस."

"नवं केलं म्हंजी मी येगळा झालो, दादा. मी कुठं येगळा झालोय?"

श्रावणात पोथीवर पाणी ढाळणारा महिपती त्या दुपारी रडला नाही. तो तडक उठला आणि साकवावरून परत आला. आम्ही काठावर ताटकळत होतो. तो आमच्यामधून वाट काढत निघाला. घरात गेला, देव्हाऱ्यातले सगळे टाक ताम्हनात घेतले, वर धूतवस्त्र टाकलं, ताम्हन डोक्यावर घेतलं आणि बाहेर पडला. मागून बयाबाई भंडाऱ्याची वाटी घेऊन पळत होती.

कोंडाजी काठी टेकत आडवा आला. "मह्या, थोरल्या घरचं देव नदी वलांडत नायत!"

"वाटनी झाली तवा तूच पंच व्हतास," महिपती म्हणाला. "देव माझं आसं कुठं ठरलं सांग."

कोंडाजीनं काठी मागं घेतली. तो बाजूला झाला.

पलीकडं प्रयागबाईनं महिपतीच्या पायांवर पाणी घातलं, कारण त्याच्या डोक्यावर देव होते. टाक कोनाड्यात पाटावर बसले. कुशाबाला मोरूनं आणि महिपतीनं धरून आत आणलं. सुजलेला पाय लांब करून तो भावाच्या शेजारी बसला. नैवेद्य दाखवला आणि दोघं जेवले. महिपती किती भात जेवला हे प्रयागबाई हातानं दाखवायची आणि आम्ही हसायचो. पिंपळाखालच्या खाचराची गोष्ट मात्र निघाली नाही. महिपतीनं एकदा तोंड उघडलं होतं, पण घास गिळला आणि ताक मागितलं. तेवढं त्याच्यानं झालं नाही.

बाहेर वारं सुटलं होतं. काठावरून माणसं हाका मारायला लागली. महिपती उठला, कोनाड्यासमोर गेला, ताम्हन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"पावसाळाभर तुझ्याकडं राहूं दे," तो कुशाबाला म्हणाला. "घट बसायच्या आदी घेऊन ये."

"मी घेऊन येऊ?" कुशाबानं विचारलं. उंबऱ्याची बंदी अजून कुणी उठवली नव्हती.

महिपती तोवर अंगणात पोचला होता. त्यानं ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. तो अलीकडं आला, भिकूनं वेल तोडले आणि साकव सुटला.

तो पावसाळा आम्ही विसरणार नाही. श्रावणात पोथी लागली. महिपतीच्या देव्हाऱ्यात नुसता पाट होता. बयाबाई दिवेलागणीला त्यावर पणती ठेवायची आणि पलीकडच्या टेकाडावर, पाऊस जरा उघडला की, कुशाबाच्या झरोक्यातला उजेड दिसायचा. महिपतीनं आपली बसायची जागा बदलली. आता तो नदीकडं तोंड करून पोथी वाचायचा. भावाभावांच्या भेटीचा अध्याय आला, तसा त्याचा आवाज पुन्हा अडकला.

बयाबाई म्हणाली, "आता कशापायी? भेट झाली की तुमची."

त्यानं पोथीवरून मान उचलून बाहेर बघितलं. नदी इतकी गर्जत होती, की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येऊ नये. "आजवर नुसतं रडू यायचं गो," तो म्हणाला. "आता कुठं बगून रडायचं, त्ये कळलंय."

त्याच्या देव्हाऱ्यात देव असताना त्याला देवाची एवढी आस लागलेली आम्ही पाहिली नव्हती. सकाळी उठला की आधी काठावर जायचा. रिकाम्या पाटापुढं बसून आंघोळीनंतर हात जोडायचा आणि मग पलीकडं वळून पुन्हा जोडायचा. दुसरा नमस्कार देवाला, बापाला की भावाला, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

पण आमचं सगळ्यांचं लक्ष होतं आश्विनावर. भाद्रपद सरत आला. भात पोटरीतून बाहेर पडलं. पिंपळाखालचं खाचर त्या वर्षी दृष्ट लागावी असं आलं होतं. महिपती नेहमीसारखा बांधावर गेला, लोंबी हातात घेऊन उभा राहिला. भिकूनं लांबून बघितलं आणि येऊन बयाबाईला सांगितलं, की मालकाची मान ताठ व्हायला लागली आहे. बयाबाईनं हातातलं काम टाकलं. ती ओटीवर येऊन बसली.

महिपती आला तो तुटक पावलं टाकत, आठ्या घालून. पाय धुतले, सवयीनं देव्हाऱ्यापुढं गेला आणि हात जोडायला वाकला. समोर पाट रिकामा. घट बसायला थोडेच दिवस उरले होते आणि देव तिकडं. तो तिथंच खाली बसला.  मग त्यानं हाक मारली, "आयकलंस का? ह्या साली पिंपळाखालचं खाचर कापायला कुशाबाला बोलवायचं."

"कापायला?" बयाबाईनं विचारलं.

"कापून त्याच्या खळ्यात न्यायला. अर्धं."

आणि दिवाळी यायच्या कितीतरी आधी, छातीभर पाणी असताना, महिपतीनं साकवाची लाकडं बाहेर काढली. लोकांनी वेड्यात काढलं. भिकू कुरकुरला. पलीकडच्या काठावर लंगडत लंगडत कुशाबा आला आणि त्यानंही आपली लाकडं ओढायला लावली. दोन लाकडं वाहून गेली, ती परत घातली. कातळावर दोन्ही बाजू जुळल्या.

घट बसायच्या आदल्या दिवशी सगळं कोंड महिपतीच्या अंगणात जमलं होतं. कुशाबा साकवावरून आला. डोक्यावर ताम्हन, एका पायानं लंगडत, मागं प्रयागबाई. अंगण ओलांडून तो दाराशी आला आणि उंबऱ्याच्या अलीकडं थांबला. मान खाली. डोक्यावरचे देव हलू नयेत म्हणून दोन्ही हात वर. 

बयाबाई तांब्या घेऊन पुढं झाली. महिपतीनं तिच्या हातून तांब्या काढून घेतला आणि तो खाली बसला. थोरल्या भावानं धाकट्याचे पाय धुतलेले आमच्या खोऱ्यात कुणी बघितलं नव्हतं.

"दादा, ह्ये काय करतूस रे?" कुशाबा म्हणाला. डोक्यावर देव असल्यामुळे त्याला वाकता येईना, की मागं सरता येईना.

"गप ऱ्हा. देव आनलेल्याचं पाय धुतोय."

त्यानं आधी धड पाय धुतला. मग सुजून वाकडा झालेला पाय दोन्ही हातांत घेतला आणि हळूहळू पाणी घातलं. तांब्या रिता झाला तरी त्यानं पाय सोडला नाही. मग तो बाजूला सरकला आणि उंबऱ्यावर तळवा टेकवून, वर न बघता म्हणाला, "ठेव पाय."